स्लॅबखालचा वहाळ आणि साहेबांचा डावा बूट

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

नुसतं खोटं लिहिणं हा काही गुन्हा धरायचा नाही. ते काम पंख्याखाली बसून, चहाचा घोट घेत रोज चालतं आणि त्याची आम्हाला सवय आहे. पण तुम्ही गुडघाभर वाहत्या पाण्यात उभं राहून, एका हातात छत्री आणि एका हातात पेन धरून, ‘सदर ठिकाणी कोणताही नैसर्गिक प्रवाह आढळून आला नाही’ असं लिहिलंत. लिहिताना तुमचा तोल गेला. तो सावरायला ज्या खिडकीचे गज धरलेत, ती खिडकी हेमांगी तळवडेकरांच्या स्वयंपाकघराची. जाताना ज्या चपला पायात सरकवल्यात, त्याही त्याच घरातल्या. तुमचं नाव इथं घेत नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. नाव घेतलं की तुमची बदली होईल, आणि तुमच्या खुर्चीत येणारा माणूस ‘ते माझ्या आधीचं’ म्हणून हात झटकून मोकळा होईल. तेव्हा तुम्ही आहात तिथंच बसा. उत्तर तुमच्याकडूनच पाहिजे.

आता न्यायाने हेही सांगायला हवं, की ह्या खोट्याची सुरुवात तुम्ही केली नाहीत. ती सुदेश तळवडेकरांनी केली. आणि इतक्या सुंदर मराठीत केली, की तुमच्या अख्ख्या कचेरीला चार वर्षांत त्यात एका शब्दाची भर घालता आली नाही.

डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, ‘नवचैतन्य’ नावाची दोन विंगांची, तीन मजल्यांची सोसायटी आहे. नावातलं नव आणि चैतन्य दोन्ही उडालेलं आहे, रंगही. तिच्या मागच्या बाजूने पाण्याने स्वतः कोरलेली एक वाट जाते. वरच्या अंगाचं मैदान, रस्ते, दहा-बारा सोसायट्या, सगळ्यांचं पाणी ह्या वाटेने खाली खाडीत उतरतं. सोसायटी तीस वर्षांची. वाट किती वर्षांची, हे फ्लॅट घेताना कोणी विचारलं नव्हतं. स्टेशन किती मिनिटांवर, एवढंच विचारलं होतं.

बी विंगमध्ये तळमजल्याला दोन नंबरात तळवडेकर राहतात. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी तीस वर्षं माल तपासला. केसाएवढी जाडी जास्त भरली तरी माल परत. कारखान्याला टाळं लागलं, पण तळवडेकरांच्या तपासण्याला लागलं नाही. ते सोसायटीचे सेक्रेटरी झाले. त्यांच्या कारकिर्दीतलं पहिलं मोठं काम म्हणजे गच्चीवरच्या बादल्या. कोणाची बादली कोण नेतं यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं, तेव्हा त्यांनी सर्क्युलर काढलं: प्रत्येकाने आपापल्या बादलीवर, मगावर आणि कचऱ्याच्या डब्यावर ऑइलपेंटने विंग व खोली क्रमांक घालावा. स्वतःच्या घरात तर त्यांनी चपलांच्या टाचेवरही ‘बी/२’ घातलं. हेमांगीताई म्हणायच्या, “माझ्या कपाळावर तेवढं राहिलंय.”

ह्या रंगकामाचा खरा उपयोग झाला तो मनुबाईला. मनुबाई खाडीवरच्या कोळीवाड्यातली. वय सत्तरीच्या पुढचं, डोक्यावर माशांची पाटी, आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारा. सोसायटीमागची पाण्याची वाट जिथं खाडीला मिळते, नेमकं तिथं तिच्या घरच्यांची जाळी खुंटांना बांधलेली असतात. भरती-ओहोटीला जाळ्यात मासे येतात. पावसाळ्यात नवचैतन्य सोसायटी येते.

“ए पाच! तुमचा मग गावला. बी सात, तुमची बालदी. सुदेस, ही तुझी बालदी, तिसरांदा आलीय. बांधून ठेव जरा, तिला खारीची वढ लागलीय,” अशी हाळी देत ती पाटीतून एकेक वस्तू काढी. नंबर असल्यामुळे चुकामूक होत नसे. कोळंबी घेतली तर बादली परत, नाही घेतली तरी परत, पण मग शिव्यांसकट.

“तुमच्या वहालातनं आलं सगलं,” मनुबाई म्हणे.

तळवडेकरांना हा शब्द आवडत नसे. म्हणजे शब्दात वाईट काही नव्हतं, पण आपल्या मागे वहाळ आहे म्हटल्यावर आपण वहाळाच्या काठचे होतो, आणि तसं असेल तर गृहकर्ज कशाला घेतलं, असा त्यांचा सूक्ष्म विचार होता.

चार वर्षांपूर्वी सोसायटीत रिडेव्हलपमेंट आली. देवी आल्यासारखी आली. घराघरात लोक घुमू लागले. बिल्डरच्या माणसाने नकाशा पसरला आणि पेनाची टोपी मागच्या बाजूला टेकवली. “इथं काय आहे? नाला असेल तर त्याच्या काठची जागा सोडावी लागेल. मग टॉवर लहान होईल, पार्किंग उडेल.”

चेअरमन प्रीतम (वय छत्तीस, धंदा इस्टेट एजंट, ए विंग) हे ऐकून पांढरा पडला. “काका,” तो तळवडेकरांना म्हणाला, “तो नाला नाहीये. तुमचं मराठी चांगलं आहे. तुम्ही नाहीये असं लिहा.”

तळवडेकरांच्या आयुष्यात ‘तुमचं मराठी चांगलं आहे’ असं कोणी पहिल्यांदाच म्हटलं होतं. टूलरूममध्ये त्यांच्या हाताखालून तीस वर्षं फक्त दोन शब्द बाहेर पडले होते: पास आणि नापास. त्यांनी वाचनालयातून शब्दकोशाचा जाडजूड खंड आणला, आठ दिवस रजिस्टरात टिपणं काढली आणि चार पानी पत्र लिहिलं. त्यातला एक उतारा इथं देतो, कारण पुढे तो फार मोठ्या मोठ्या लोकांनी पाठ केला:

‘ओघळ म्हणजे पावसाने उतारावर पाडलेली बारीक रेघ, जी पाऊस संपताच मोडते. आमच्यामागील भाग मोडत नाही, सबब तो ओघळ नव्हे. ओहोळ म्हणजे पाऊस सरल्यावरही काही काळ वाहणारे निसर्गाचे पाणी. आमच्याकडे हिवाळ्यात वाहते ते निसर्गाने नव्हे, वरच्या सोसायट्यांनी सोडलेले असते, सबब तो ओहोळ नव्हे. घळ म्हणजे दोन डोंगरांमधील खोल चीर. आमच्या दोन बाजूंस डोंगर नसून कंपाउंडच्या भिंती आहेत, सबब ती घळ नव्हे. नाला म्हणजे ज्याची नाला म्हणून देखभाल होते तो. अशी देखभाल आजवर कोणी केलेली नाही, सबब तो नाला नव्हे. स्थानिक लोक वहाळ असा शब्द वापरतात, परंतु तो बोलीतील असल्याने शासकीय पत्रव्यवहारात विचारात घेऊ नये. सबब सदर जागा हा पावसाळ्यात पाणी साचणारा सपाट भूभाग आहे.’

पत्र वाचून सर्वसाधारण सभेत टाळ्या पडल्या. तिसऱ्या मजल्यावरचे भिवाजी कदम, ज्यांनी उभ्या आयुष्यात कोणत्याही ठरावाला हात वर केला नव्हता, त्यांनी दोन्ही हात वर केले. महिनाभरात तुमची, म्हणजे साहेबांची, पाहणी झाली. तेव्हा मे महिना होता. तुम्ही गाडीतून खाली न उतरता काच खाली केलीत, ‘सपाटच दिसतोय’ म्हणालात आणि तळवडेकरांचा उतारा जसाच्या तसा अहवालात उतरवून घेतलात. वहाळाला कागदावर मूठमाती मिळाली.

मग प्रीतमला सुचलं, की सपाट म्हटलंय तर सपाट दिसायलाही हवं. खाली दीड फुटी सिमेंटचा पाइप, वर स्लॅब, स्लॅबवर चार गाड्यांचं पार्किंग. काम तळवडेकरांच्या देखरेखीखाली झालं. त्यांनी सळ्या व्हर्नियरने मोजल्या, कॉंक्रीट कालवणाऱ्याला घामाघूम केलं, एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतः नळीने पाणी मारलं. डोंबिवलीत त्या वर्षी झालेलं ते बहुधा सगळ्यात भक्कम बांधकाम असावं. उद्घाटनाला पेढे होते. मनुबाई पाटी घेऊन आली, स्लॅबवर उभी राहून तिने पाय आपटून पाहिला.

“ह्यो कय केलास सुदेस?”

“पार्किंग.”

“आनि पानी?”

“पाइप टाकलाय. दीड फुटी.”

मनुबाईने तळवडेकरांकडे जे पाहिलं, ते ती शिळी सुरमई ताजी म्हणून विकणाऱ्याकडे पाहते तसं.

पुढे बिल्डर गेला तो गेलाच. रिडेव्हलपमेंट देवीसारखी आली तशी उतरली. मागे राहिला स्लॅब. पहिल्या पावसाळ्यात तळवडेकरांच्या मोरीतून पाणी उलटं आलं. दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघरात. तिसऱ्या वर्षी हेमांगीताईंच्या शिलाईमशीनच्या मोटरीला पाणी लागलं आणि वर्तकनगरच्या एका लग्नघरचे अकरा ब्लाउज, अस्तरासकट, चहाच्या रंगाचे झाले.

त्या दिवशी हेमांगीताई ओरडल्या नाहीत. हेच भयंकर. त्यांनी अकरा ब्लाउज दोरीवर वाळत टाकले आणि शांतपणे म्हणाल्या, “अहो, ऐका. पुढच्या पावसात मोटरीला पाण्याचा थेंब जरी लागला, तर मी मशीन उचलून लेकीकडे, दक्षताकडे बदलापूरला जाणार. परत येणार नाही.”

“बदलापूरला पूर येतो,” तळवडेकर म्हणाले. माहितीतली चूक दुरुस्त केल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

“तिचा चौथा मजला आहे,” हेमांगीताई म्हणाल्या. “तुम्ही इथं राहा. तुमच्या पत्राबरोबर.”

म्हणून यंदा मार्चपासून तळवडेकर कामाला लागले. काम साधं होतं: जे नाही म्हणून सिद्ध केलं, ते आहे म्हणून सिद्ध करायचं.

कल्याणच्या कचेरीत नालेसफाईच्या खिडकीवर एक बाई होत्या. “नाला असेल तर आमचा,” त्या म्हणाल्या. “आहे का नाला?”

“आहे.”

बाईंनी फाइल काढली. “हे पाहा, इथं स्पष्ट लिहिलंय. नाला म्हणजे ज्याची नाला म्हणून देखभाल होते तो. फार छान लिहिलंय हो कोणीतरी. आम्ही नवीन स्टाफला वाचायला देतो.”

“मीच लिहिलंय,” तळवडेकर म्हणाले. आवाजात लाज असायला हवी होती. थोडा अभिमान होता.

“मग तुम्हाला तर माहीतच आहे,” बाई म्हणाल्या आणि पुढच्याला बोलावलं.

गटाराचा विभाग शेजारच्या इमारतीत. तिथले गृहस्थ भले होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली. “गटार आम्ही बांधलेलं असेल तर आमचं. हे कोणी बांधलंय?”

“पाण्याने.”

“मग पाण्याला अर्ज करा,” ते म्हणाले, आणि आपण विनोद केला हे लक्षात येऊन स्वतःच थोडे ओशाळले. “तसं नव्हे, निसर्गाची कामं ठाण्याला.”

ठाण्याच्या कचेरीत जुना नकाशा होता. कापडावर चिकटवलेला, कडा झिजलेल्या. त्यावर खाडीपासून वर जाणारी निळी रेघ तळवडेकरांना दिसली आणि त्यांचा ऊर भरून आला. आपल्याच खोट्याला कोणीतरी खोटं पाडलेलं पाहून इतका आनंद होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. “हीच ती!” ते ओरडले.

“ही जुनी,” कारकून म्हणाला आणि कॉम्प्युटरवर नवा नकाशा काढला. त्यावर रेघ नव्हती. “चार वर्षांमागे कमी केली. संदर्भ… थांबा हां… संदर्भ, एस. तळवडेकर यांचे पत्र.”

परत येताना तळवडेकरांना कळून चुकलं, की महाराष्ट्र शासनाच्या इतिहासात एखाद्या नागरिकाच्या पत्रावर तातडीने अंमलबजावणी झाल्याचा जो एक प्रसंग असेल, तो आपल्या वाट्याला आलेला आहे.

सोसायटीत ही बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. प्रीतम आधी आला. “काका, नाला हा शब्द काढू नका. रिडेव्हलपमेंट मेलेली नाही, कोमात आहे. आणि माझी गाडी कुठे लावू?” भिवाजी कदम तिसऱ्या मजल्यावर राहतात, त्यामुळे पाण्याबद्दल त्यांचे विचार फार उंचीवरचे असतात. गॅलरीतून ते म्हणाले, “तळवडेकर, नाला कशाला म्हणता? नदी म्हणा! नाल्याला हे लोक भीक घालत नाहीत. नदी म्हटलं की सुशोभीकरण होतं. बाकडी येतात.” तळवडेकरांनी रात्रभर ह्या सूचनेचा गांभीर्याने विचार केला, यावरून त्यांची अवस्था काय होती ते समजावं.

शेवटी एकोणिसाव्या अर्जाला पाहणीची तारीख मिळाली: नऊ जुलै, दुपारी चार.

नऊ जुलैला पाऊस सकाळपासून हटलेला नव्हता आणि दुपारी खाडीला उधाण होतं. स्लॅबच्या वरच्या अंगाला, जिथं वहाळ पाइपात शिरतो, तिथं पाणी तुंबून तळवडेकरांच्या खिडकीखाली फिरत होतं. घरात घोट्याला लागलं होतं. हेमांगीताई पलंगावर मांडी घालून, मशीनची मोटर सोडवून मांडीवर घेऊन, तान्हं मूल घ्यावं तशा बसल्या होत्या. बॅग भरलेली होती.

आणि साहेब, तुम्ही आलात. हे तुमचं कौतुक, वेळेवर आलात. तळवडेकरांना वाटलं, आता काय बोलायचं? पाणी बोलेल. तुम्ही छत्री सांभाळत भिंतीकडेने पुढे आलात आणि कडेचा चिखल खचून थेट आत उतरलात. गुडघ्यापर्यंत.

“हे पाहा साहेब,” तळवडेकर शेजारी पाण्यात उतरून म्हणाले, “वाहतंय!”

“साचलंय,” तुम्ही म्हणालात.

तेवढ्यात एक निवटी, खाडीतली ती डोळे वटारून चिखलात उड्या मारणारी मासळी, पाण्यातून उसळून खिडकीच्या कट्ट्यावर, तुमच्या फाइलीच्या शेजारी येऊन बसली. तिने फाइलीकडे पाहिलं.

“ही कुठून आली?” तळवडेकरांनी विचारलं.

“वाहून आली असेल.”

“वाहून? कशातून?”

“तो शब्द मी मागे घेतो,” तुम्ही म्हणालात. मग आवाज खाली आणून, अगदी घरच्या माणसासारखं समजावलंत. “तळवडेकर, तुम्ही शिकलेले आहात. मी नाला लिहिलं, तर नाल्यावर स्लॅब टाकला तो कोणी? सेक्रेटरीने. गुन्हा कोणावर? सेक्रेटरीवर. खोटं पत्र कोणाचं? सेक्रेटरीचं. नाही लिहिलं, तर काहीच झालेलं नाही. बोला.”

तळवडेकरांनी आत पाहिलं. हेमांगीताईंनी मोटर पदरात गुंडाळली होती आणि त्या त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांनाही सगळं ऐकू आलं होतं. तीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्याचा माल नापास केला, त्याला स्वतःचा माल हातात धरून उभं राहायची ही पहिली वेळ. 

“लिहा,” ते म्हणाले. “नाला लिहा. पत्र खोटं होतं. माझं नाव घाला.”

तुम्हाला हे अपेक्षित नव्हतं, साहेब. तुमचा चेहरा पाहण्यासारखा झाला. क्षणभर वाटलं, लिहिताय. मग तुम्ही म्हणालात, “तुम्ही म्हणालात म्हणून मला नाही लिहिता येत. मागच्या अहवालावर सही माझी आहे.”

आणि कट्ट्यावर फाइल टेकवून तुम्ही ते वाक्य लिहिलंत. पूर्णविराम देताना पाण्याने ओढ घेतली, तुम्ही गज धरलेत, आणि तुमचा डावा बूट पायातून सुटला. तपकिरी, आठ नंबर. तो एकदा वर आला, गोल फिरला आणि स्लॅबखाली पाइपात दिसेनासा झाला. सगळ्यांनी पाहिलं. निवटीनेही.

“बूट गेला,” हेमांगीताई आतून म्हणाल्या.

“कुठे जातोय? इथेच असेल खाली,” तुम्ही म्हणालात, आणि पायाने चाचपलंत. पाच मिनिटं चाचपलंत. मग उजवा बूटही काढून कट्ट्यावर ठेवलात, दारातल्या चपला पायात घातल्यात आणि निघालात. पाठमोरे असताना दोन्ही टाचांवर ‘बी/२’ स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी नडगीला आलं. हेमांगीताईंनी रिक्षा बोलावली. तळवडेकर दारात उभे होते. काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं, आणि सुचलं असतं तरी ते चार पानी झालं असतं. एवढ्यात फाटकातून हाळी आली.

“सुदेस! ह्यो कोनाचा बूट? नंबर नाय टाकलाय!”

मनुबाईच्या पाटीत, कोळंबीवर, तपकिरी डावा बूट होता. लेस तशीच बांधलेली. तळवडेकरांनी आतून उजवा आणला. शेजारी शेजारी ठेवले. सात वर्षं संसार केल्यासारखा जोड जुळला.

“कधी मिळाला?”

“सात वाजता जाली काढली तवा. कवा गेलता?”

“काल चारला.”

“मग बराच येल लावला,” मनुबाई म्हणाली. “आदी तुमच्या बालद्या घंट्यात याच्या. तू लादी घातलीस आनि बालद्या याच्या बंद झाल्या. तुमचे मग येतान, साबन येतो, चपला येतान, बालदी एक नाय. मी तवाच वलखलं, म्हटलं सुदेसच्या बालद्या कुठंतरी अरकल्या.”

 चार वर्षं, एकोणीस अर्ज, तीन कचेऱ्या. आणि निदान कोळंबीच्या पाटीत होतं.

तळवडेकरांनी जागच्या जागी पंचनामा लिहिला. तारीख, वेळ, बूट, रंग, नंबर. “अंगठा देता का?” त्यांनी विचारलं.

“मना सही येते,” मनुबाई फणकारली. “तुज्यासारखी चार पानां नाय येत.” आणि तिने ठसठशीत सही केली.

मग तळवडेकरांनी पहार उचलली.

स्लॅब फुटेना. फुटेल कसा? तो तळवडेकरांनी बांधून घेतला होता. अर्ध्या तासात पहारीचं टोक बोथट झालं, कॉंक्रीटला नख लागलं नाही. प्रीतम बनियनवर धावत आला. “काका! सोसायटीची प्रॉपर्टी आहे! ठराव लागेल!” मग त्याचं लक्ष पाण्याकडे गेलं, ते त्याच्या गाडीच्या सायलेन्सरला लागत होतं. तो ठराव विसरून किल्ली आणायला पळाला. वरून भिवाजी कदम मार्गदर्शन करत होते, “डावीकडे! तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे!” तळवडेकरांच्या तळहातांना फोड आले, चष्मा पाण्यात पडला, एकवीस दिवस मारलेल्या प्रत्येक नळीभर पाण्यासाठी त्यांनी स्वतःचा उद्धार केला.

“अहो,” फाटकाशी रिक्षात बसलेल्या हेमांगीताई शेवटी म्हणाल्या, “मध्ये काय मारताय? कडेला ती फट आहे ना, ऊन लागून तडकू नये म्हणून मुद्दाम सोडलेली. चार दिवस तेवढंच कौतुक सांगत होतात. त्यात घाला.”

तळवडेकरांनी फटीत पहार घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. दुपारी दीडच्या सुमाराला कोपरा निखळून आत पडला. पाइप तोंडाशी चिरला. आतल्या अंधारात बुचासारख्या एकात एक बसलेल्या बादल्या दिसल्या. लाल, निळ्या, हिरव्या. ए/३, ए/९, बी/७, एकूण अकरा. बादल्यांच्या वर वीतभर फट होती, तेवढ्यातून मग, साबण आणि साहेबांचा बूट जात होता. सगळ्यात खाली, पाइपाच्या गळ्यात तिरकी घट्ट रुतलेली, जिच्यामुळे बाकी दहा अडकल्या होत्या ती पहिली बादली त्यांनी ओढून काढली. फिकट गुलाबी. सुबक अक्षरात ‘बी/२’.

 पाण्याने मोठा घुटका घेतल्यासारखा आवाज केला आणि ते निघालं. दहा मिनिटांत घरातली फरशी दिसली.

हेमांगीताईंनी रिक्षा परत पाठवली. मोटर मशीनला जोडली, एक शिवण घालून पाहिली आणि म्हणाल्या, “चहा टाकते. ती बादली मात्र घरात आणू नका.”

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण साहेब, आठ दिवसांनी तुमची नोटीस आली. विषय: सपाट भूभागावर विनापरवाना खोदकाम करून कृत्रिम प्रवाह निर्माण केल्याबाबत. खाली सविस्तर: नऊ जुलैच्या पाहणीत सदर ठिकाणी प्रवाह नव्हता, अकरा जुलै रोजी तेथे खाडीपर्यंत वाहणारा प्रवाह आढळला, सबब तो दहा जुलै रोजी दुपारी दीड वाजता श्री. तळवडेकर यांनी पहारीच्या साहाय्याने तयार केला. सात दिवसांत प्रवाह पूर्ववत बुजवावा, अन्यथा कारवाई.

सोसायटीने नोटीस फलकावर लावली. भिवाजी कदमांनी ती उभ्याने दोनदा वाचली. “तळवडेकर,” ते आदराने म्हणाले, “एका दुपारीत खाडीपर्यंत? ह्या वयात?”

प्रीतम म्हणाला, “काका, माफी मागा, बुजवून टाकू.”  हेमांगीताईंनी उरलेल्या अस्तराची एक पिशवी शिवली, नाडी घातली, आणि दोन्ही बूट तिच्यात घालून टेबलावर ठेवले. तळवडेकरांनी शब्दकोशाकडे हात नेला आणि मागे घेतला. मग त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात लहान पत्र लिहिलं. कल्याणच्या खिडकीवरच्या बाईंनी पिशवी उघडून पाहिली, म्हणाल्या, “बूट आवकमध्ये कसे घेऊ?” मग पत्र वाचलं, तळवडेकरांकडे पाहिलं, आणि दोन्ही बुटांच्या तळव्यांवर आवक क्रमांकाचा शिक्का मारला. ह्याला आता दोन महिने होऊन गेले. पत्राची प्रत सोसायटीच्या फलकावर नोटिशीशेजारी आहे. तीच इथं देतो, म्हणजे मिळाली नाही असं तुम्हाला म्हणता यायला नको:

‘महोदय, चार वर्षांपूर्वीचे माझे पत्र खोटे होते, त्याची शिक्षा मला द्यावी. परंतु वहाळ बुजवणार नाही. आपल्या म्हणण्याप्रमाणे प्रवाह मी दहा तारखेस दुपारी दीड वाजता निर्माण केला. आपला डावा बूट नऊ तारखेस चार वाजता माझ्या खिडकीखाली सुटला व दहा तारखेस सकाळी सात वाजता खाडीत श्रीमती मनुबाई यांच्या जाळ्यात मिळाला. पंचनामा व दोन्ही बूट सोबत. बुटात पाय नव्हता. आपल्या पायातील चपला बी/२ च्या असून त्या परत कराव्यात. तसेच पुढील प्रश्नाचे उत्तर लेखी द्यावे: प्रवाह नव्हता, तर बूट खाडीपर्यंत चालत गेला काय?’